नोंद क्रमांक एकेचाळीस

आचऱ्यातल्या माझ्या खोलीत रेंज येत नाही.
विहिरीच्या कठड्यावर येते, तीही माडाकडच्या बाजूला.
म्हणून रात्री तिथे बसते, डास मारत,
आणि समुद्र शोधते.

चौकटीत लिहिते: करवत मासा.
मग करवत्या.
मग नुसतं, नाकाक दात असलेलो मासो.
येतात सुतारकामाचे व्हिडिओ,
बारा हजारांची सुरमय आणि तिच्याशेजारी कुणाचं हसू,
बारशाचं जेवण, ताडपत्रीखालच्या होड्या,
"आज जाळ्यात नुसती झार":
ते मी वेगळ्या तक्त्यात टाकते,
कुणाच्या तरी उपयोगी पडेल.

माशाशेजारी मोजपट्टी कुणी ठेवत नाही.
काडेपेटी ठेवतात, चप्पल,
कधी एखादं रडकं मूल.
चपलेचा नंबर आठ धरून मी लांबी काढते.
मार्गदर्शक बाई म्हणाल्या, हे तळटीपेत लिही.
माझी अर्धी किनारपट्टी तळटीपेत आहे.

चाळीस नोंदी खोडून झाल्या.
कुठला तरी परदेशी मासा,
एकच फोटो सात जणांनी आपला म्हणून टाकलेला.
उरली एकेचाळीस.

"किंग ऑफ देवबाग", सतरा मे, दोन हजार एकोणीस.
"बाबांचो मासो." पुढे लाल बदाम.
तेरा लाईक. मस्कतहून एक मामा: भारी!
वाळूवर आडवा, चार मीटर तरी,
नाकाची करवत दोन्ही अंगांनी दातेरी,
कडेला एक चप्पल, चपलेत पाय,
वर काही नाही, अ‍ॅपने चौकोन कापलेला.
कोपऱ्यात सूर्याचा पांढरा गोळा.
मी लिहिलं: वेळ सकाळची, अंदाजे.
कर्लीच्या मुखाशी लाल ठिपका ठेवला
आणि त्या रात्री झोपलेच नाही.
आहे म्हणजे. अजून आहे.

निरोप पाठवला: नमस्कार, मी संशोधक.
दोन निळ्या खुणा. तीन दिवस गप्प.
मग:
"फोटो माझो, मासो बाबांचो,
मगे अभ्यास तुझो कसो?"
मी चार उत्तरं लिहिली, चारही पुसली.
शेवटी त्यानेच: "घराक जा. आवशीक इचार."

शालन तांडेल सुकट निवडत होत्या.
किंग दुबईला टगवर असतो.
त्यांनी हनुवटीनेच भिंत दाखवली.

फ्रेम. तीच वाळू, तोच मासा.
मी मोबाईल शेजारी धरला.
फ्रेममध्ये सूर्य नव्हता.
तो फ्लॅश होता, काचेवरचा.

"कधी धरलेलो?"
"ह्येचो जल्म होवच्या आदल्या वर्साक."
बोटांवर मोजलं. एकोणनव्वद.
"आणि सतरा मे?"
त्यांचा हात सुकटीत थांबला.
"त्या दिवशी हे गेले."

मरणाची तारीख होती.
मी ती माशाच्या रकान्यात भरली होती.

चहा आला. मी उगीच विचारत राहिले.
करवत? "ती देवळाक दिली."
मांस? "साऱ्या वाडीत वाटला."
चव?
बराच वेळ त्या छपराकडे बघत राहिल्या.
"आठवणा नाय गो."
चवीला रकाना नाही माझ्याकडे.

चौकोनाबाहेर राहिलेला माणूस फ्रेममध्ये पूर्ण होता:
गुडघ्यापर्यंत खोचलेली लुंगी, ओली मिशी,
माशाकडे नाही, कॅमेऱ्यामागच्या कुणाकडे तरी बघणारा.
"फोटो कोणी काढलो?"
त्या नुसत्या हसल्या, पदराने तोंड पुसलं.

निघताना मी चपलेचं विचारलं.
"सात. तेंचो पाय ल्हान होतो."

रात्री कठड्यावर बसून सगळं बदललं.
ठिपका करडा केला.
वर्ष तीस पावलं मागे नेलं.
मासा बारा सेंटीमीटर आखूड झाला.
तळटीपेत नाव घालायचं होतं, त्याला विचारलं.
एकच निळी न झालेली खूण.
टग खोल पाण्यात असणार.