गोलकीपर

पत्र कॉलेजचं. खाली शिक्का, वर माझं नाव:
यमूल भूलक्ष्मी नरसय्या.
फी माफ. वसतिगृह माफ. बूट स्वतःचे.

अम्मा मांडीवर सूप घेऊन बसलेली,
पानं ओली, बोटं थांबत नाहीत.
"पायाचा खेळ ना गं तो?
मग हातांचे पैसे कसे देतायत?"
मी सांगितलं, अकरा जणींत एकीलाच
हात लावायची मुभा असते.
ती हसली, आणि हजार विड्यांतली
कितवी चालू होती ते विसरली.

चाचणीच्या दिवशी बेचाळीस डिग्री,
मैदान तव्यासारखं,
हातमोजे दुसरीचे.
तीन अडवले. चौथा
बोटांना चाटून आत गेला.
पत्रात त्या चौथ्याबद्दल काहीच नाही.
मला मात्र झोपताना तोच दिसतो.

रात्री माग थांबले
तेव्हा गल्लीला दडे बसल्यासारखं झालं.
अम्मानं माझं पाऊल ओढून घेतलं,
विडीचा दोरा टाचेपासून अंगठ्यापर्यंत ताणला,
वर अर्धं बोट जास्त धरलं,
"मोजे जाड असतात ना?"
दातानं तोडला,
आणि पदराच्या त्या गाठीत बांधला
जिच्यात आठवड्याची मजुरी असते.