लाइन बंद होती

लोक पहिला प्रश्न हाच विचारतात: शॉक बसला का?
नाही.
लाइन बंद होती, मीच बंद केली होती.
शिरोड्याच्या उतारावर, काजूच्या बागेपाशी
शिडीचा एक पाय शेवाळावर होता
आणि मी सव्वीस वर्षांच्या सवयीवर.

आता मंगळवारी आणि शुक्रवारी, बांबोळीला,
कुलासो मॅडम माझं बनियन वर करतात,
पाठीवर गार चकत्या चिकटवतात
आणि माझ्यात वीज सोडतात.
थोडी. आमच्या खात्यात एवढीला कुणी वीज म्हणणार नाही.
करंट किती ठेवलाय, मी विचारतो.
त्या आकडा सांगतात. मला हसू येतं.
एवढ्यात झिरोचा बल्बसुद्धा डोळा उघडत नाही, मॅडम.
बल्ब राहू दे, त्या म्हणतात, अंगठा हलवा.

बेंबीखाली माझा सगळा गाव अंधारात आहे.
केबल पुरती तुटलेली नाही म्हणे,
काही तारा शिल्लक आहेत,
पण निरोप टोकाला पोचेल इतका जोर नाही त्यांच्यात.
हे मला कुणी समजावायला नको.
शेवटच्या खांबावरचं घर:
दिवा पिवळा, पंखा नुसता गुणगुणतो, फिरत नाही.
मशीन तुम्हाला चालवणार नाही, त्या म्हणाल्या,
ते तारांना जागं ठेवील. हाक तुम्हीच मारायची.

मारली. एकोणीस आठवडे मारली.
घाम कपाळावरून कानात जायचा.
अंगठा माझा आहे हे मला फक्त आठवणीनं माहीत.
आणि एका शुक्रवारी तो हलला.
म्हणजे, असं मॅडम म्हणाल्या,
मी छताकडे बघत होतो, मला काहीच कळलं नाही.
मान उचलून परत केलं तेव्हा दिसला,
ओहोटीच्या चिखलात खुबा हलावा तसा, जेमतेम.
वाटलं, सुलक्षा रडेल.
ती म्हणाली, नखं किती वाढलीत.

बटण बंद केलं की अंगठा परत परका.
चालणार कधी, असं सगळे विचारतात.
लघवी लागल्याचं कळायला लागलं का,
हे कुणी विचारत नाही.
मी देवाकडे आधी तेच मागतो.

काल रात्री गावची लाइट गेली.
नवा पोरगा, सर्वेश, त्याचा फोन:
काका, देवळामागचा ट्रान्सफॉर्मर, काय बघू?
जंपर बघ, म्हटलं. पण त्याआधी
शिडीचा पाय बघ.
फोन ठेवला. मग त्या काळोखात,
चकत्या नाहीत, मशीन नाही, आकडा नाही,
मी खाली हाक मारली.
हलला की नाही हे कळायला मला डोळे लागतात
आणि डोळ्यांना दिवा.
सुलक्षा चाचपडत आली,
पायथ्याशी बसली, अंगठ्यावर बोट ठेवलं.

हलला?

परत कर, ती म्हणाली.