अकरावी खाट

मार्चअखेर. टेबलावर फायलींची चळत,
पंख्याने उडू नयेत म्हणून वर कुणाचा तरी जेवणाचा डबा,
आणि समोर डॉक्टर शरयू नाडगौडा,
नौपाड्यातलं प्रसूतिगृह बंद करायला आलेल्या.

प्रमाणपत्र त्यांनी फ्रेमसकट आणलंय.
'दर्शनी भागात लावावे' असं आम्हीच खाली छापतो,
म्हणून इतकी वर्षं ते गणपतीच्या शेजारी होतं,
काचेच्या आतसुद्धा उदबत्तीची पिवळी झाक.
शिपाई भोईर लोखंडी पट्टीने
मागचे खिळे उचकटतोय.

अर्जात रकाना : बंद करण्याचे कारण.
जागा एका ओळीची.
बाईंनी लिहिलं, 'दमले'.
म्हटलं, मॅडम, असं नाही चालत,
इमारत पुनर्विकासाला गेली लिहा,
नाहीतर फायरची एनओसी.
"तेही खरंच आहे," म्हणाल्या,
आणि खोडलं नाही. नुसता पुढे स्वल्पविराम दिला.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेलो
तेव्हा मला टेपही नीट धरता येत नव्हती.
साहेब आकडे ओरडायचे, मी उतरवायचो :
दोन खाटांमधलं अंतर, खिडकीची रुंदी,
मोरीला जाळी आहे का, संडास किती,
परिचारिका किती, त्यातल्या शिकलेल्या किती.
खाटा दहा.
आत एक बाई कळा देत होती
आणि साहेब म्हणाले, पोटमाळ्याची उंची घे.

जिन्याखाली मात्र फरशीवर
चार गंजके गोल दिसले,
खाटेच्या पायांएवढे, खाटेएवढ्याच अंतरावर.
फरशी नुकतीच पुसलेली, ओली.
मी वर पाहिलं. बाई माझ्याकडेच पाहत होत्या.
साहेबांनी विचारलं, काय रे, झालं?
मी लिहिलं : त्रुटी नाही.

मग दर नूतनीकरणाला गेलो.
दर वेळी गोल जरा गडद, दर वेळी फरशी ओली.
खाट गच्चीवर जात असणार, टाकीच्या आडोशाला;
कोण उचलत असेल?
ती आया, सुंदराबाई,
चहा देताना जिची बशी वाजायची?
एकदा वरून तान्ह्या बाळाचं रडणं आलं.
साहेब म्हणाले, मांजर.
आम्ही सगळेच म्हणालो, मांजर.

आज रद्द नोंदींच्या वहीत लिहितोय :
खाटांची संख्या, दहा.
"अकरा," बाई म्हणाल्या.
हळू नाही. जन्म-मृत्यूच्या खिडकीवरची रांग वळून बघायला लागली.
"अकरा लिही. हातात पैसे नसलेल्या सगळ्या त्या खाटेवर.
कळव्याच्या, राबोडीच्या, येऊरहून चालत आलेली एक.
आता कोण माझा परवाना काढून घेणार आहे?"

मॅडम, मूळ नोंद दहाची आहे.
दहा नोंदल्या, दहाच रद्द होणार.
जी नोंदलीच नाही, ती मी रद्द कशी करू?

बोललो, आणि माझं मलाच ऐकू आलं.
बाईही थांबल्या. चष्मा काढला, पदराने पुसला.
"म्हणजे ती चालूच आहे की," म्हणाल्या.

भोईरने खिळे मोजून त्यांच्या हातात दिले.
रिकामी फ्रेम पिशवीत मावेना, तशीच काखेत धरून
त्या जिना उतरल्या, लिफ्ट समोर असून.
मी शिक्का मारला.
तारीख कालचीच राहिली होती.