वारसाचा रकाना

केरीच्या पठारावर, निळ्या ताडपत्रीखाली
माझं टेबल. पेन सुतळीनं बांधलेलं,
कागदांवर चार दगड,
नाहीतर माणसांआधी कागदच उडतात.

नाव, वय, वजन, रक्तगट.
रक्तगटापाशी निम्मे अडतात.
वारसाच्या रकान्यापाशी मात्र सगळेच हसतात.
काल इंदूरच्या एका मुलीनं लिहिलं : बिस्किट. नातं : कुत्रा.
मी खोडलं नाही. नुसतं विचारलं,
बिस्किटचं बँकेत खातं आहे?
मग तिनं आईचं नाव लिहिलं, पूर्ण, सावकाश,
जणू पहिल्यांदाच.

पॉलिसी एका दिवसाची. तिच्यात
अवयवांचे भाव ठरलेले :
डोळा पन्नास टक्के, अंगठा पंचवीस,
मागच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत.
ती मुंगी मला पाठ आहे.

माझ्या भावाला चावली होती ती.
सगुण तेव्हा पायलट. तीन हंगामांपूर्वी
डाव्या मांडीचा पट्टा ‘लावला असेलच’ म्हणून
एकटाच उडाला, वारा बघायला.
सुरूच्या बनात सापडला. शुद्धीत होता,
चप्पल कुठाय विचारत होता.
पणजीहून पत्र आलं, सभ्य, दोन ओळींचं :
ही पॉलिसी हौसेनं उडणाऱ्यांची,
पोटासाठी उडणाऱ्यांची नव्हे.
आईनं ते देवाच्या फोटोमागे ठेवलं.
का, ते तिलाच ठाऊक.

आता तो पाय ओढत फिरतो प्रत्येकाभोवती.
प्रदक्षिणा नव्हे,
म्हशीच्या अंगावरची गोचीड शोधावी तसा, बोटांनी :
पट्टा, बकल, पट्टा, बकल, हेल्मेटची वादी,
आणि पुन्हा डावी मांडी.
लोक वैतागतात, एकदा बघितलंत ना?
तो म्हणतो, ते मघाशी. हे आत्ता.

आज तीनच्या सुमाराला वारा फिरला.
खांबावर माझ्या जुन्या पोलक्याची बाही बांधलीय,
ती दर्याचा वारा सोडून
तेरेखोलच्या बाजूनं फुगली, पडली, परत फुगली.
‘वारो बरो ना,’ सगुण म्हणाला
आणि हात आडवा केला. बस्स.

नाशिकच्या गृहस्थांनी घड्याळ दाखवलं, पावती दाखवली,
शेवटी मला म्हणाले,
अहो, विमा आहे ना आमचा?
आहे की, म्हटलं,
आणि पैसे मोजून त्यांच्या हातावर ठेवले.

फॉर्म फाडता फाडता नजर गेली :
वारस : मंदाकिनी. नातं : पत्नी.
त्या खाली गाडीत बसून
दोन केळी सोलत होत्या.