वीस तेत्री

ग्लदानीतल्या आमच्या सोळा मजली इमारतीत
लिफ्टला पैसे लागतात.
आत पत्र्याची पेटी, पेटीला चीर,
चिरेत वीस तेत्रीचं नाणं सरकवलं की
खडखडते, कुरकुरते, पण चढते.
नाही सरकवलं तर नुसती उभी राहते
हट्टी गाढवासारखी.

पेटीच्या वर कधीकधी एक नाणं ठेवलेलं असायचं.
कुणाचं, कुणासाठी, मी कधी विचारलं नव्हतं.

एकोणचाळीस वर्षं मी नीतिशास्त्र शिकवलं,
तिबिलिसीतल्या एका कॉलेजात, गळक्या खोलीत.
फळ्यावर लिहायचो : दुसरा म्हणजे कोण?
खाली खडूची रेघ मारायचो, दोनदा.
मुलं वहीत उतरवून घ्यायची
आणि परीक्षेत मला ते जसंच्या तसं परत करायची,
उधार नेलेल्या भांड्यासारखं, घासूनपुसून.

जानेवारीतली संध्याकाळ.
ओव्हरकोटाची बटणं सोडायचा कंटाळा आला.
एवढंच.
आतल्या खिशात सुटे होते, चांगले मूठभर.
मी पेटीवरचं नाणं चिरेत ढकललं
आणि अकराव्या मजल्यावर
माझ्या गरम सूपाशी जाऊन बसलो.

तासाभरानं कचरा टाकायला अर्धा जिना उतरलो
तर पायरीवर त्सिउरी.
चौदाव्या मजल्यावरची.
शेजारी बटाट्यांची पिशवी,
आणि श्वास असा, की कुणी ओलं लाकूड
बोथट करवतीनं कापतंय.

"कुणीतरी माझ्यासाठी नाणं ठेवतं," ती म्हणाली,
थांबत थांबत.
"पेन्शन संपत आली की तर नेमानं.
आज नव्हतं."

मी तोंड उघडलं.

"आजारी तर पडला नसेल ना बिचारा?
तुम्ही शिकलेले. जरा चौकशी करा त्याची."

मी तोंड मिटलं.
पिशवी उचलली.
साडेतीन मजले. एकेक बटाटा
मोजता आला असता, इतके हळू चढलो.

दुसऱ्या दिवशी दारं वाजवत फिरलो.
कुणी म्हणालं, आम्ही नाही. कुणी म्हणालं, कसलं नाणं?
नवव्यावरच्या नानुलीनं आधी चहा पाजला, मग म्हणाली,
मी ठेवायला हवं होतं खरं.
लिफ्टनं जाणाऱ्या सगळ्यांना विचारून झालं.
निघता निघता तळमजल्यावर, जिन्याला लागून असलेलं
एमझारचं दार उघडं दिसलं.
चपला शिवतो. कानानं थोडा कमी.
तळमजल्यावरच्या माणसाचा लिफ्टशी काय संबंध?

"मीच," तो म्हणाला, दातांत दोरा धरून.
"काल ठेवलं होतं की. उचललं वाटतं कुणी."
का ठेवता, विचारलं.
चाळीस वर्षांत इतका खरा प्रश्न
मी कुणाला विचारला नसेल.

त्यानं भिंतीकडे बोट केलं.
"पलीकडे जिना आहे. ती चढायला लागली की
तिचा श्वास येतो भिंतीतून.
बाकी काही ऐकू येत नाही मला, हे येतं.
मग झोप लागत नाही."
दोरा तोडला.
"झोपेसाठी वीस तेत्री. स्वस्त आहे."

कर्तव्य नाही म्हणाला, करुणा नाही,
शेजारधर्मसुद्धा नाही.
आणि मी नाणं उचलणाऱ्याचं नाव सांगितलं नाही.
त्यानं विचारलंही नाही. माझ्या बुटांकडे बघत म्हणाला,
टाच झिजलीय डावीकडची, ठेवून जा.

त्सिउरीला सांगितलं : बरा आहे तो.
एवढं मात्र खरं बोललो.

आता पेटीवर दोन नाणी असतात.
दुसरं माझं; बटणं सोडून, आतल्या खिशातून काढलेलं.
काही दिवशी त्यातलं एक नाहीसं होतं,
आणि त्सिउरी तरीही चौदाव्यावर पोहोचते.
कोण उचलतं, आम्ही बघत नाही.
त्याच्याही ओव्हरकोटाला बटणं असतील.
किंवा ओव्हरकोटच नसेल.

रात्री अकराव्या मजल्यावर मी दिवा मालवतो
आणि भिंतीला कान लावून पाहतो.
अजून काही ऐकू येत नाही.
पाइपातून पाणी जातं फक्त,
कुणाच्या तरी घरी.