पहिल्या उल्लेखाला ‘अ’

सातवी ब. मधल्या सुट्टीनंतरचा तास,
डब्यातल्या सुकटीचा वास अजून बाकांवर,
आणि मी फळ्यावर लिहितो, आर्टिकल्स.
तीनच आहेत, घाबरू नका,
तीन भावंडं, त्यातली दोन जवळपास जुळी.

सोमवारी सायलेंट अक्षरं झाली.
‘नाइफ’मधला के म्हणजे
पत्रिकेत नाव छापलेला काका,
लग्नाला येत नाही, पण नाव गाळलं तर भांडण.
तेव्हापासून उर्वी केणी के लिहिताना
हळूच म्हणते, या काका, बसा.

आर्टिकलचं मात्र काकांवर भागत नाही.
आपल्या भाषेत हा प्राणीच नाही,
मग मी गोष्टीत शिरतो.
एक आटपाट नगर होतं. हा झाला ‘अ’.
त्या नगरात एक राजा होता. ‘त्या’ म्हणजे कुठल्या?
आत्ता सांगितलं त्या! वर्ग ओरडतो.
मग ते ‘द’.
पहिल्यांदा भेटला तो ‘अ’, ओळख झाली की ‘द’.
लिहून घ्या, खाली दोन रेघा मारा.

बाहेर विमान उतरतं.
मी खडू हवेत धरून थांबतो.
डिसेंबरात सगळी सातवी ब खिडकीला लटकली होती,
ॲन एअरोप्लेन! मी संधी साधून ओरडलो होतो,
पुढे स्वर आला की ॲन, बघा!
आता उलव्यात कुणी मान वळवत नाही,
शार्पनर चालू राहतात.
आवाज ओसरला की राजाला
जिथे ठेवला तिथून उचलायचा.

गृहपाठ दिला, माय व्हिलेज, पाच ओळी.
वह्या घरी आणल्या. चौथा मजला, चहा, लाल पेन.
ही-शीच्या पुढचा विसरलेला प्रत्येक एस.
चिवणीला इंग्रजी सापडेना म्हणून
कुणी लिहिलंय, फिश, बट टेस्टी.
मी बरोबरची खूण केली. शब्द मलाही ठाऊक नव्हता,
मी जिंतूरचा, मला चिवणीच मुळात इथे कळली.

मग पारस घरतची वही.
पहिलंच वाक्य,
द हिल इज बिहाइंड माय हाउस.
‘द’भोवती गोल केला. समासात लिहिलं,
पहिला उल्लेख. अ.

दुसऱ्या दिवशी वर्ग भरता भरताच
तो वही घेऊन टेबलापाशी.
‘सर, आपला डोंगर तं सगल्यांना माईत हाय.
त्याची वलख कनाला द्याची?’

मी पुस्तक उघडलं.
द सन, द मून, द स्काय.
जे सगळ्यांचं एकच आहे, त्याला पहिल्यापासून ‘द’.
मीच शिकवलेलं पान.
डोंगर त्या यादीत नव्हता.

मी बदली होऊन आलो तेव्हा
तिथे डंपर होते, आणि दुपारभर पिवळा धुरळा.
होळीसाठी सावरीचं झाड त्यावरूनच यायचं,
खांद्यावर, अख्खं गाव मागे,
हे मला उर्वीच्या आजोबांनी सांगितलेलं.
पारस तेव्हा फार तर अंगणवाडीत.

‘परीक्षेत अ लिही,’ म्हटलं. ‘अर्धा गुण आहे त्याला.’
‘आनि वहीत?’
वहीतला गोल मी खोडला.
लाल गोल खोडला जात नाही खरं तर,
नुसता आणखी लाल होतो.

तो जागेकडे वळला तेव्हा दिसलं,
‘इज’ तसाच होता.
इंग्रजीच्या मास्तरला आधी दिसायला हवा तो काळ,
आर्टिकल नंतर.
हाक मारून वही परत मागता आली असती.
पुढच्या आठवड्यात पास्ट टेन्स आहेच,
असं स्वतःला सांगत
मी हजेरीपट उघडला.
केणी उर्वी झाली, कडू झाला, कोळी दोघं झाले,
राहून गेलेलं नाव मागे जाऊन घेतलं.
घरत पारस?
प्रेझेंट, सर.