पूल नाही

चौतीस वर्षं खानापूर पोस्टाची पिशवी खांद्यावर,
आणि पत्ता म्हणून लोक काय लिहायचे?
'बाकी पोस्टमनला ठाऊक.'
एवढंच. आणि खरंच ठाऊक असायचं.

आता फिलोमिना सिद्दी म्हणते,
"मामा, तुमच्या डोक्यातलं ते सगळं
इथं उतरून द्या की."
तिच्या हातात काच तडकलेला फोन,
फोनात फुकटचा नकाशा, कुणीही काढावा, कुणीही खोडावा,
आणि नकाशात त्यांची वाडी म्हणजे
नुसतं हिरवं.
सत्तावीस घरं, शाळा, क्रूस, विहीर,
सगळ्यावर कुणी रंगाचा डबा लवंडलेला.

गेल्या साली कार्मेलिनच्या वेळेला
एकशेआठची गाडी त्या हिरव्यातच फिरत राहिली.
पोर सागाच्या बुडाशी झालं. जगलं.
सांतान त्याचं नाव, आता भिंत धरून चालतो.
फिलू मात्र तेव्हापासून गप्प बसेना.

पाण्याच्या टाकीवर चढलं की रेंज येते.
माझे गुडघे कधीचेच पेन्शनीत निघालेले, तरी चढलो.
ती बोटानं छपरं आखायची, मी सांगायचो:
हे बस्त्यांवचं, हे इमामसाबचं,
हे कुलूप घातलेलं, धनी गोव्याला.

नावाच्या रकान्यापाशी अडलो.
मराठीत जांभूळओहोळ,
कन्नडात नेरळेहळ्ळ,
आणि तिथले लोक म्हणतात नुसतं व्हाळ.
ज्यापायी बेळगावात पाट्यांना काळं फासतात
त्याचं या नकाशाला काहीच नव्हतं;
तीन रकाने पुढं केले, भरा म्हणाला.

मी एक चूक केली.
ओढ्यालाच रस्ता म्हटलं, उन्हाळ्यात आम्ही त्यातूनच जातो.
तिसऱ्या दिवशी निरोप, थेट मलावीहून,
कुणी चिकोंडी नावाची बाई:
"हे पाणी तर नव्हे? कडेची झाडं पाण्यासारखी वळलीत."
मी नाव वाचलं चिकोडी.
फिलू टाकीवरून पडेल इतकी हसली.

मग परतफेड सुरू झाली.
तिकडं पुरानं गावं विस्कटलेली,
त्यांची छपरं फिलू इथून आखते,
गोल गोल, वाळत घातलेल्या शेणींसारखी.
दोनशे बारा मोजली मी.
फिलूच्या खापरपणज्यांना त्याच बाजूनं कुणी जहाजात घातलं,
कुठल्या गावचे, ते कुठंच लिहिलेलं नाही.
एकदा ती आखता आखता थांबली,
एका छपरावर बोट तसंच, बराच वेळ.
मी काही विचारलं नाही.
पोस्टमन पाकीट फोडत नाही.

बस्त्यांव म्हणाला,
"गाडीला सापडू, तसं फॉरेस्टवाल्यांनाबी सापडू की."
खरंच होतं ते. मधाच्या कड्याची वाट
मग आम्ही आखलीच नाही.
तेवढं हिरवं राहू दे.

शेवटी राहिला पूल.
नाहीच, तर दाखवायचा कसा?
चिन्हं सगळी असलेल्या गोष्टींची.
चिकोंडीला विचारलं. म्हणाली, आमचाही वाहून गेला,
टिपण लिहा, आम्ही तसंच करतो.
फिलूनं लिहिलं, दोन्ही भाषांत:
"पूल नाही. जून ते ऑक्टोबर गाडी इथंच थांबते.
इथून हाक मारा. माणसं येतील."

परवा रात्री साडेदहाला ओढ्यापलीकडून हाक आली.
आजारी कुणीच नव्हतं.
गाडीवरचा नवा ड्रायव्हर, कित्तूरकडचा,
वाट बघून ठेवायला आलेला.
आम्ही काठावर गेलो.
पाण्याच्या आवाजात त्याचं कन्नड कळेना,
त्याला आमचं मराठी ऐकू जाईना.
त्यानं फोनचा उजेड उंच धरून हलवला.
फिलूनंही हलवला.